रिव्हर्समध्ये ओ सेल चिकटतात तेव्हा काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

रात्री-अपरात्री मला येणारा सगळ्यात ठरलेला फोन हा: "मॅडम, फॉरवर्डला ग्रुप नीट येतोय, पण रिव्हर्सला ओ सेलसुद्धा चिकटले. रिपोर्ट काय देऊ?" रक्तपेढीत ग्रुप दोन बाजूंनी तपासतात: फॉरवर्डमध्ये पेशंटच्या लाल पेशी आणि रिव्हर्समध्ये त्याचा सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी. रिव्हर्समध्ये मिसळायच्या ओ ग्रुपच्या पेशी म्हणजे ओ सेल. फोन करणारा मुलगा किंवा मुलगी ड्यूटीवर एकटी असते. खिडकीशी नातेवाईक उभे असतात आणि वॉर्डातून तिसऱ्यांदा विचारणा होऊन गेलेली असते. अशा घाईत दोन चुका होतात. एक, ओ सेलची ट्यूब बाजूला सारून नुसत्या फॉरवर्डवर ग्रुप लिहिला जातो. दुसरी, "ग्रुप नक्की होत नाही ना, मग ओ ची पिशवी काढा" असं म्हटलं जातं. पहिली चूक बरेचदा निभावून जाते आणि म्हणूनच तिची सवय लागते. दुसरी चूक काही मोजक्या पेशंटच्या जिवावर बेतते, आणि नेमक्या त्याच पेशंटची सूचना ती ओ सेलची ट्यूब देत असते.

ही अडचण दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या रक्तपेढीत येतेच. मी स्वतः ज्या क्रमाने जाते तो क्रम इथे लिहिते. बहुतेक वेळा अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

ट्यूबमध्ये काय चाललेलं असतं

लाल पेशींच्या पृष्ठभागावर सियालिक अॅसिडमुळे ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून सलाईनमध्ये पेशी सुट्या तरंगत राहतात. हे अंतर ओलांडून दोन पेशींना एकदम धरायचं तर अँटिबॉडीचा आवाका मोठा हवा. आयजीएम तशी असते: पाच तुकडे एकत्र जोडलेले, दहा जागी पकड. अँटी-ए आणि अँटी-बी मुख्यतः आयजीएम असल्याने रूम टेंपरेचरला, साध्या सलाईनमध्ये, मिनिटभरात गुठळी करून दाखवतात. आयजीजी आखूड असते. ती पेशीवर जाऊन बसते, पण शेजारच्या पेशीपर्यंत पोचत नाही. तिला जोडणारा पूल, म्हणजे अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन, कूम्ब्ज, मॉरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये वापरात आणला. कूम्ब्ज टेस्ट आपण रोज करतो ती हीच.

गुठळी दोन टप्प्यांत होते. आधी अँटिबॉडी पेशीवर बसते, मग पेशी एकमेकींना बांधल्या जाऊन जाळं तयार होतं. पहिल्या टप्प्यावर तापमान, वेळ आणि सीरम-पेशींचं प्रमाण यांचा परिणाम होतो. दुसऱ्यावर सेंट्रिफ्यूजचा वेग आणि आपला हात. सस्पेन्शन दोन ते पाच टक्क्यांऐवजी घट्ट झालं की अँटिबॉडी पुरत नाही आणि गुठळी फिकी दिसते. ट्यूब जोरात झटकली की कच्ची गुठळी मोडते.

फॉरवर्डमध्ये पेशंटच्या पेशी आणि आपले अँटिसेरा, म्हणजे बाटलीतल्या तयार अँटिबॉडी. रिव्हर्समध्ये पेशंटचा सीरम आणि आपले ए, बी आणि ओ सेल. लँडस्टायनरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं ते हेच की जो अँटिजेन पेशीवर नाही त्याची अँटिबॉडी सीरममध्ये असते. ओ सेलवर ए नाही, बी नाही. म्हणून अँटी-ए किंवा अँटी-बी कितीही जोरदार असली तरी ओ सेल सुटेच राहायला हवेत. ते चिकटले याचा अर्थ सीरममध्ये तिसरं काहीतरी आहे. ते तिसरं काहीतरी शेजारच्या ए आणि बी ट्यूबमध्येही असणारच. म्हणजे ओ ची ट्यूब पॉझिटिव्ह असेल तर त्या रिव्हर्सच्या कुठल्याच ट्यूबवर तसाच विश्वास ठेवता येत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं.

आधी स्वतःचं टेबल तपासा

पहिला प्रश्न: आज एकाच सॅम्पलला असं झालं की तीन-चार जणांना? एकाहून जास्त असेल तर पेशंट सोडा, ओ सेलची बाटली बघा. आपण ओ सेल घरीच करतो. साधारणपणे तीन ओ डोनरच्या पेशी एकत्र करून, तीनदा धुऊन. त्यातल्या एकाच्या पेशी कोल्ड, म्हणजे थंडीत काम करणाऱ्या, अँटिबॉडीने आधीच माखलेल्या असतील, किंवा सस्पेन्शन शिळं, हिमोलाइज झालेलं, जंतू लागलेलं असेल, तर प्रत्येक ट्यूब संशयित दिसते. त्याच ओ सेलचा एक थेंब नुसत्या सलाईनमध्ये टाकून फिरवा. तिथेही दाणे दिसले तर बाटली ओतून द्या आणि नव्याने करा.

दुसरी गोष्ट ट्यूबांची अदलाबदल. ही इतकी साधी आहे की अनुभवी माणसं तपासत नाहीत. फॉरवर्डला स्वच्छ ए, आणि रिव्हर्सला ए निगेटिव्ह, बी निगेटिव्ह, ओ मात्र ४+, म्हणजे सगळ्यात जोरदार गुठळी. हे चित्र दिसलं की मी आधी रॅककडे बघते. बी आणि ओ च्या ट्यूबा किंवा बाटल्यांची झाकणं बदललेली असतात. माझ्या एका हुशार मुलीने अशा सॅम्पलसाठी पूर्ण पॅनेल (अँटिबॉडी ओळखायच्या पेशींचा संच) लावायला घेतलं होतं. झाकणं बघितली आणि दोन मिनिटांत प्रश्न मिटला.

तिसरी गोष्ट फायब्रिन. हेपरिन चालू असलेल्या किंवा रक्त नीट न गोठलेल्या सॅम्पलचा सीरम लवकर काढला की त्यात बारीक तंतू राहतात. ते पेशींना गुंडाळून घेतात आणि गुठळीचा आभास होतो. ट्यूब उजेडासमोर तिरपी धरली की लाळेसारखा तार दिसतो. अशा वेळी ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या) ट्यूबमधला प्लाझ्मा वापरा.

चौथी, सेंट्रिफ्यूज. आमच्याकडे हजार आरपीएमला एक मिनिट ठरलेलं आहे. कुणी वेग वाढवून ठेवला असेल तर बटन, म्हणजे पेशींची गोळी, तळाशी इतकं घट्ट बसतं की निगेटिव्हसुद्धा तुकड्या-तुकड्यांनी उठतं.

बटन उठताना बघायचं, उठल्यानंतर नाही

हे कुणी नीट शिकवत नाही म्हणून थोडं थांबून सांगते. ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की आधी वरचं पाणी बघा. गुलाबी किंवा लालसर असेल तर हिमोलिसिस झालं. हिमोलिसिस ही पॉझिटिव्ह रिअॅक्शन आहे, निगेटिव्ह नाही. मग ट्यूब भिंगाच्या आरशावर धरून अगदी हळू तिरपी करायची आणि बटनाची कड बघायची. सुट्या पेशी असतील तर कडेवरून उदबत्तीच्या धुरासारखी लाल रेघ निघते आणि पाण्यात मिसळून जाते. गुठळी असेल तर कड करवतीसारखी दिसते आणि पाणी स्वच्छ राहतं. ४+ मध्ये अख्खं बटन एकाच खड्यासारखं सुटतं. ३+ मध्ये त्याचे मोठे तुकडे होतात. २+ मध्ये मध्यम दाणे, पण मागचं पाणी अजून नितळ. १+ मध्ये रव्यासारखे बारीक दाणे आणि पाणी गढूळ.

ओ सेलच्या ट्यूबमधली ग्रेड नेमकी लिहा. नुसतं "पॉझिटिव्ह" लिहून भागत नाही. १+ आणि ४+ चे रस्ते पूर्णपणे वेगळे आहेत.

टेबल बरोबर असेल तर पेशंटच्या पेशी सलाईनने तीनदा धुऊन फॉरवर्ड पुन्हा लावा, नवा प्लाझ्मा घेऊन रिव्हर्स पुन्हा लावा आणि त्याच रॅकमध्ये ऑटो कंट्रोल ठेवा. ऑटो कंट्रोल म्हणजे पेशंटचाच प्लाझ्मा आणि पेशंटच्याच धुतलेल्या पेशी. इथून रस्ते फुटतात.

ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह: रुलो की कोल्ड?

माणसाचा प्लाझ्मा त्याच्याच पेशींना चिकटवतोय. कारणं मुख्यतः दोन.

रुलोमध्ये अँटिबॉडीचा संबंधच नसतो. प्लाझ्मात प्रथिनं फार वाढली की पेशींमधला दुरावा कमी होतो आणि पेशी एकावर एक रचल्या जातात. मल्टिपल मायलोमा हे नेहमीचं कारण. डेक्स्ट्रानसारखं प्लाझ्मा वाढवणारं औषध दिलेलं असलं तरी होतं. ट्यूबमध्ये दाणे जरा चकचकीत, तेलकट दिसतात. स्लाइडवर एक थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं की चित्र स्पष्ट होतं. नाण्यांची चळत लावून ठेवावी तशा पेशींच्या रांगा. खऱ्या गुठळीत अशी शिस्त नसते, द्राक्षाच्या घडासारखा ढीग असतो.

खात्री करायला सलाईन रिप्लेसमेंट. ट्यूब पुन्हा फिरवा, वरचा प्लाझ्मा पिपेटने पूर्ण काढा, तितकेच दोन थेंब सलाईन घाला, हलकेच मिसळा, पुन्हा फिरवून वाचा. रुलो असेल तर ओ सेल आणि ऑटो कंट्रोल सुटे होतात आणि खरी अँटी-ए, अँटी-बीची गुठळी टिकते. ग्रुप तिथल्या तिथे सुटतो. हे तंत्र रिव्हर्ससाठी आहे. फॉरवर्डमध्ये रुलोचा त्रास असेल तर पेशी धुणं हाच उपाय. मी सोबत पेशंटचा टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिनचा रिपोर्ट मागवून बघते. ग्लोब्युलिन अल्ब्युमिनच्या वर गेलेलं असेल तर शंका उरत नाही. एकदा तर याच वाटेने एका आजोबांचा मायलोमा आमच्या टेबलावर पहिल्यांदा लक्षात आला. पाठदुखी आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून ते भरती होते. मी फिजिशियनना फोन करून सांगितलं, पुढच्या तपासण्या त्यांनी केल्या.

सलाईनने सुटलं नाही तर कोल्ड ऑटोअँटिबॉडीचा विचार करा. डिसेंबर-जानेवारीत हे जास्त जाणवतं. नाशिककडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, टेबल गार, सलाईनची बाटली गार, ट्यूबा गार. बऱ्याच लोकांत अँटी-आय थोडीफार असतेच. ती थंडीत जागी होते. मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियानंतर तर ती खूप वाढते.

एक सॅम्पल सांगते. साठीच्या बाई, तीन आठवडे खोकला, हिमोग्लोबिन सहाच्या आसपास. फॉरवर्डला अँटी-ए २+, अँटी-बी ४+, अँटी-डी ४+. घाईत बघणाऱ्याला हा एबी पॉझिटिव्ह वाटतो. पण अल्ब्युमिन कंट्रोल, म्हणजे अँटिसेरा न घातलेली ट्यूब, हाही २+ होता. कंट्रोल पॉझिटिव्ह आला की त्या रांगेतली कुठलीही ट्यूब वाचायची नसते. रिव्हर्सला ए ४+, बी २+, ओ २+, ऑटो २+. ईडीटीएची ट्यूब पंधरा मिनिटं ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवली, पेशी ३७ अंशांच्याच सलाईनने धुतल्या आणि फॉरवर्ड पुन्हा लावलं: अँटी-ए निगेटिव्ह, कंट्रोल निगेटिव्ह, अँटी-बी ४+. रिव्हर्ससाठी प्लाझ्मा आणि ए, बी, ओ सेल वेगवेगळे तापवून मग मिसळले आणि ३७ अंशांवरच पेशी खाली बसू दिल्या, सेंट्रिफ्यूज न करता. बी, ओ आणि ऑटो सुटे झाले, ए चिकटलेलाच राहिला. ग्रुप बी पॉझिटिव्ह.

इथे दोन सावधगिरी. गरम रॅकमधली ट्यूब गार सेंट्रिफ्यूजमध्ये टाकली की सगळी मेहनत वाया जाते, मिनिटात पेशी पुन्हा चिकटतात. आणि तापवल्याने खरी अँटी-ए, अँटी-बीही थोडी फिकी होते, तेव्हा ४+ ऐवजी २+ आली तर घाबरू नका. मात्र तापवणं हे नको असलेली गुठळी पुसून टाकायचं साधन म्हणून वापरू नका. ऑटो कंट्रोल निगेटिव्ह असताना तापवून ट्यूब साफ केली तर एखादी महत्त्वाची अँटिबॉडी लपून जाईल.

कोल्डची एक खूण आपल्या टेबलाच्या बाहेर असते. सीबीसीचा कागद मागवा. मशीनमध्ये पेशी जोडीजोडीने मोजल्या गेल्या की आरबीसी काउंट फारच कमी, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) वाढलेला आणि एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) अशक्य वाटावा इतका जास्त येतो. पॅथॉलॉजीतल्या मुलांनी सॅम्पल तापवून पुन्हा चालवलं असेल तर ते लगेच सांगतील.

अशा पेशंटला रक्त द्यायची वेळ आली तर क्रॉसमॅच ३७ अंशांवर आणि एएचजीने, म्हणजे वर सांगितलेल्या अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिनने, करा, आणि वॉर्डात ब्लड वॉर्मर वापरायला सांगा.

ऑटो निगेटिव्ह, ओ पॉझिटिव्ह

आता काळजी वाढवा. पेशंटच्या स्वतःच्या पेशी सुट्या आहेत, पण परक्या ओ सेल चिकटतात. म्हणजे ओ सेलवर असं काहीतरी आहे जे पेशंटकडे नाही.

ग्रेड १+ किंवा २+ असेल तर बहुधा रूम टेंपरेचरला काम करणारी अॅलोअँटिबॉडी, म्हणजे परक्या अँटिजेनविरुद्धची: अँटी-एम, अँटी-पी१, अँटी-लुइस. गरोदरपणात लुइस अँटिजेन तात्पुरते उतरतात, त्यामुळे एएनसीच्या सॅम्पलमध्ये अँटी-लुइस अधूनमधून दिसते. तीन सेलचं स्क्रीनिंग लावा, पॉझिटिव्ह आलं तर अकरा सेलचं पॅनेल. अँटी-एम निघाली तर रिव्हर्ससाठी एम-निगेटिव्ह ए आणि बी सेल घेऊन ग्रुप पुन्हा करा, लगेच जुळतो. ३७ अंशांवर आणि एएचजीत ती दिसते का हे बघून पिशव्या निवडा.

पेशंट ए१ किंवा ए१बी असेल आणि ओ सेल फिके चिकटत असतील तर अँटी-एचआय आठवा. ए आणि बी अँटिजेन एच या पायावर बांधले जातात. ओ सेलमध्ये हा पाया जसाच्या तसा उघडा असतो, म्हणून एच सगळ्यात जास्त ओ वर. त्याखाली ए२, बी, ए२बी, ए१, आणि शेवटी ए१बी. ज्याच्याकडे एच फार थोडा आहे तो थंडीत त्याविरुद्ध थोडी अँटिबॉडी बनवू शकतो. अशा माणसाला त्याच्याच ग्रुपच्या पिशव्या जुळतात, ओ च्या जुळत नाहीत.

ओ सेल ४+, फॉरवर्डला "ओ": थांबा

फॉरवर्डला अँटी-ए निगेटिव्ह, अँटी-बी निगेटिव्ह. रिव्हर्सला ए ४+, बी ४+, ओ ४+. ऑटो निगेटिव्ह. हे चित्र दिसलं की हातातलं सगळं बाजूला ठेवा. हा बॉम्बे ब्लड ग्रुप असू शकतो.

डॉ. भेंडे, डॉ. भाटिया आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतून 'लॅन्सेट'मध्ये हा ग्रुप जगासमोर मांडला. भारतात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगितलं जातं. युरोपात तो फारच विरळा. म्हणजे आपल्याकडच्या रक्तपेढीत काम करणाऱ्याला तो आयुष्यात एकदा तरी भेटणार असं धरूनच चालायला हवं.

या माणसांत एफयूटी१ हा जीन काम करत नाही. पेशीवर फ्यूकोज साखर बसत नाही, म्हणून एच तयार होत नाही. एच नाही म्हणून ए आणि बीचे जीन असले तरी ते बांधायला पाया नाही. फॉरवर्ड त्यामुळे "ओ" दिसतं. सीरममध्ये मात्र अँटी-ए, अँटी-बीसोबत अँटी-एचही असते, आणि ही अँटी-एच थंडीतली किरकोळ नाही. ३७ अंशांवर काम करते, कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) ओढते, पेशी फोडते. ओ च्या पिशवीत एच सगळ्यात जास्त. "सगळ्यांना चालणारं" ओ रक्त याच माणसाला सगळ्यात घातक.

टेस्ट करताना सीरम घेतला तर ओ सेलच्या ट्यूबमध्ये हिमोलिसिसही दिसू शकतं. ईडीटीए प्लाझ्मात ते दिसणार नाही, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि कॉम्प्लिमेंट चालत नाही. म्हणून अशा वेळी दोन्ही ट्यूबा हव्यात.

पुढची पायरी अँटी-एच लेक्टिन, म्हणजे एच ला चिकटणारं वनस्पतीतलं प्रथिन. हे युलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. निलगिरीत इंग्रजांनी आणलेलं हे झुडूप आजही पसरलेलं आहे. नेहमीच्या ओ सेलला हे लेक्टिन ४+ चिकटवतं. बॉम्बेच्या पेशी तशाच सुट्या राहतात. कंट्रोल म्हणून शेजारी एक पक्का ओ आणि एक ए१बी लावा, म्हणजे लेक्टिन जिवंत आहे हे कळतं. जाता जाता सांगते, ए१ ओळखायला आपण वापरतो ते डॉलिकॉस बायफ्लोरस म्हणजे आपले कुळीथ. कोकणात ज्याची पिठी करतात ते. शिकवताना हे सांगितलं की मुलांच्या कायमचं लक्षात राहतं.

लेक्टिन नसेल तर? पाच-सहा ओ पिशव्यांचे सेगमेंट (पिशवीच्या नळीचे बंद तुकडे) घेऊन पेशंटच्या सीरमशी फिरवा. सगळ्याच ४+ आणि ऑटो निगेटिव्ह, तर तेवढ्यावर वॉर्डाला "ओ देऊ नका" हे कळवायला काहीच हरकत नाही. पक्कं निदान नंतर होईल. ईडीटीए आणि साधी ट्यूब, दोन्ही सॅम्पल रेफरन्स लॅबला पाठवा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ मध्ये ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झालेली ती हीच. पाठवताना फॉर्मवर फक्त "ग्रुप डिसक्रिपन्सी" लिहू नका. प्रत्येक ट्यूबची ग्रेड, तापमान, ऑटो कंट्रोल, पेशंटला आधी रक्त दिलंय का, किती वेळा गरोदर राहिली, सगळं लिहा.

माझ्याकडे आलेली अशी पहिली पेशंट आठव्या महिन्यातली होती, हिमोग्लोबिन सात. हातात दोन कार्ड होती, दोन्हींवर "ओ पॉझिटिव्ह". दोन्ही ठिकाणी फक्त स्लाइडवर फॉरवर्ड केलेलं होतं. ओ सेलची ट्यूब मी तिरपी केली आणि बटन एका खड्यासारखं सुटलं. पाणी काचेसारखं स्वच्छ. मला आधी वाटलं मी ए सेल घातले. पुन्हा लावलं. तेच. तिसऱ्यांदा दुसऱ्या बाटलीतून लावलं, तरी तेच. मग डॉक्टरांना फोन केला आणि वॉर्डात फ्रिजमध्ये आधीच नेऊन ठेवलेली ओ पॉझिटिव्हची पिशवी परत मागवली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी लावायची ठरली होती.

अशा पेशंटला रक्त बॉम्बेचंच लागतं. ते शोधायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी तीन कामं सुरू करा. डॉक्टरांशी बोलून शिरेतून लोह देण्यासारखे, रक्ताची गरज कमी करणारे उपाय. मोठ्या केंद्रांकडे आणि बॉम्बे डोनरच्या याद्या ठेवणाऱ्यांकडे चौकशी. आणि सख्ख्या भावंडांची तपासणी. आई-वडील दोघेही हा बदललेला जीन बाळगून असतील तर प्रत्येक भावंडाला बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक. लाखोंच्या वस्तीत शोधत फिरण्यापेक्षा घरातल्या चार माणसांचं रक्त आधी घ्या. त्या बाईंच्या धाकट्या बहिणीच्या ट्यूबा तशाच निघाल्या, आणि तिचं हिमोग्लोबिन बारा होतं.

घरच्यांना समजावून सांगताना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. बॉम्बे माणसात ए किंवा बी जीन लपलेला असू शकतो, आणि दुसऱ्या पालकाकडून एच मिळाला की तो मुलात उघडपणे दिसतो. कार्डावर आई "ओ", वडील "ओ", आणि मूल बी. अशा कागदांवरून घरात नको ते संशय उठतात. मी नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून हे कागदावर काढून दाखवते, दोन वर्तुळं आणि चार रेघा. पाच मिनिटं लागतात.

जुनी कार्डं परत घ्या आणि रद्द असा शिक्का मारा. नव्या कार्डावर मोठ्या अक्षरात "बॉम्बे, ओ रक्त देऊ नये" असं मराठीत लिहा, कारण अपघाताच्या वेळी कार्ड काढणारा माणूस बहुतेकदा शेजारचाच कुणीतरी असतो. आपल्या रजिस्टरमध्येही त्या नावापुढे लाल शाईने नोंद करा. बाई पुन्हा आल्या तर ड्यूटीवर कुणीही असो, पहिली पिशवी फ्रिजमधून निघण्याआधी ती नोंद नजरेस पडायला हवी.